रेडिओवर राग आलाय? आधी घड्याळ बघा!

एफएम लावला आणि नुसती खरखर. किंवा समजा, निवेदकानं आपल्या पावरी-भिली बोलीवर फालतू विनोद मारला. आपण स्टेटस टाकतो अन् विसरतो. पण या दोन तक्रारींचे पत्ते वेगळे आहेत, बरं का!

२८ एप्रिल २०२३ ला देशात ९१ ठिकाणी १०० वॅटचे आकाशवाणीचे एफएम ट्रान्समीटर सुरू झाले, त्यात आपलं नंदुरबारही होतं. असा ट्रान्समीटर फक्त रिले करतो. कार्यक्रम दुसऱ्याच केंद्रावर बनतो. म्हणजे खरखरीची तक्रार तांत्रिक विभागाकडे, विनोदाची त्या केंद्राकडे. धडगावात आवाज पोचत नसेल, तर मध्ये सातपुडा उभा आहे. निवेदक बिचारा काय करणार?

कॉलेजं, संस्था चालवतात त्या कम्युनिटी रेडिओचं वेगळं. सरकारी अटीनुसार त्यांना प्रत्येक कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग तीन महिने जपावंच लागतं. तारीख, वेळ, नेमके शब्द लिहून दिले, की ‘असं बोललोच नाही’ म्हणायची सोय उरत नाही. नियमभंग ठरला तर पहिल्याच वेळी महिनाभरापर्यंत प्रसारण बंद होऊ शकतं. पण ‘मागे कधीतरी काहीतरी बोलले’ एवढंच लिहिलं, तर शोधणार काय? आणि चौथ्या महिन्यात जाग आली, तर रेकॉर्डिंग पुसलेलंही असेल.