कायमचा पत्ता, तालुका महाड

पासपोर्टच्या अर्जात 'कायमचा पत्ता' असा एक रकाना असतो. महाडच्या खाडीपट्ट्यातल्या गावांत तो भरणारा माणूस बहुधा त्या पत्त्यावर राहत नसतो. घर असतं, दुमजली, लाद्या बसवलेलं, गच्चीला रंगीत कठडा. घरधनी मात्र कुवेतला, दमामला नाहीतर दुबईला.

घर सोडून कमवायला जाणं या मुलखाला नवं नाही. पोलादपूरच्या डोंगरवाड्यांतला माणूस मुंबईच्या गिरणीत, गोदीत गेला, खानावळीत जेवला, खोलीत पाळीपाळीने झोपला. बायको शेत आणि सासू सांभाळत गावी राहिली. आखाताने हीच रीत समुद्रापार नेली. फरक एवढाच की चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येऊ शकला; आखातातल्या माणसाची सुट्टी कफील, म्हणजे त्याच्या व्हिसाला जामीन असलेला मालक, ठरवतो.

आखाताच्याही आधी केपटाऊन होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कुलाबा आणि रत्नागिरी जिल्ह्यांतले कोकणी मुसलमान तिथे जाऊ लागले. (कुलाब्याचं रायगड 1981 साली झालं.) तिथल्या कायद्याने त्यांच्या संसाराला वेगळाच आकार दिला. परवाना काढून गावी यायचं, मुदतीच्या आत परतायचं, नाहीतर तिथला हक्क गेला. मुलगा सोळाचा होण्याआधी त्याला बोलावून घ्यायचं, नाहीतर दार बंद. बायको गावीच, नवरा दर काही वर्षांनी पाहुण्यासारखा. 1953 च्या कायद्याने हिंदुस्थानातून बायका-मुलं आणण्याची वाटही बुजवली, तेव्हा कुटुंबांना कुठला तरी एक किनारा निवडावा लागला. तरी केपटाऊनच्या काही घरांत कोकणी बोली पिढ्यान्‌पिढ्या टिकली. ज्या गावाचं नाव घ्यायचं ते गाव पाहिलेलंच नाही, अशी माणसं ती बोलत राहिली.

आखातात तर किनारा निवडण्याची मुभाच नाही. नागरिकत्व मिळत नाही, आणि कुटुंब न्यायचं तर पगाराची अट. कुवेतने जानेवारी 2024 मध्ये कौटुंबिक व्हिसा पुन्हा सुरू केला तेव्हा महिना किमान 800 दिनार पगार हवा, असं ठरवलं. ड्रायव्हर, सुतार, दुकानातला पोऱ्या यांनी तो आकडा फक्त ऐकायचा. फिलिपिन्समधून बाई परदेशी जाते आणि घरी आजी मुलं वाढवते. आपल्याकडे दहावी न झालेल्या तीस वर्षांखालच्या बाईला घरकामासाठी आखातात जायला सरकारच परवानगी देत नाही. म्हणून इथून गेला तो पुरुष, आणि मागे उरलेल्या बाईचं आयुष्य त्याच्यापेक्षा जास्त बदललं. बँकेत सही तिची. वाळू कमी पडली तर गवंड्याशी भांडण तिचं. शाळेत पालक म्हणून तीच, सोयरिकीच्या बैठकीतही तीच. नवऱ्याचा शब्द फोनवरून येतो, तोपर्यंत निर्णय बऱ्याचदा होऊन गेलेला असतो. 'परदेशी पैशाने गाव सुधारलं' असं म्हणणाऱ्यांनी हे काम कुणाच्या नावावर मांडायचं, याचा विचार केलेला दिसत नाही.

उलट दिशेचं उदाहरण शेजारीच आहे. रत्नागिरी-दापोलीकडच्या आंबाबागांत राखण करायला नेपाळी माणूस येतो. 1950 च्या करारामुळे त्याला व्हिसा लागत नाही, म्हणून तो बायको-मुलांना घेऊन येऊ शकतो आणि त्याची मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी पाढे म्हणतात. दोघंही परमुलखात राबणारे. पण एकाचं चूलखंड त्याच्यासोबत चालतं, दुसऱ्याचं महाडात राहतं. हे माया कमी-जास्त असल्याने होत नाही, कागदाने होतं.

महाडात आलेला परगावचा माणूस आधी चवदार तळ्याकडे वळतो. मला तिथे दरवेळी हाच विषय आठवतो. तळ्यापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या अस्पृश्यांना त्याचं पाणी परकं होतं. सीमा ओलांडायची गरजच नव्हती. आणि हक्क मागायला उभे राहिले त्यांतले बरेच गाव सोडून परतलेले. रावदूळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून 1886 साली निवृत्त झाले. पुढे महारांची भरती बंद झाली तेव्हा 1894 साली त्यांनी सरकारला अर्ज लिहिला. महाडची परिषद घडवून आणणारे रामचंद्र बाबाजी मोरे हे लष्करी पेन्शनरांची वस्ती असलेल्या दासगावचे. 20 मार्च 1927 रोजी ओंजळभर पाणी पिणारे बाबासाहेब न्यूयॉर्क आणि लंडन पाहून आले होते. ते तिकडे असताना त्यांच्या पत्नी रमाबाई परळच्या चाळीत तुटपुंज्या पैशांत घर चालवत होत्या. दूर गेलेल्या माणसाच्या संसाराचा हिशेब त्यांच्याच हातात होता.

1927 च्याच डिसेंबरातल्या दुसऱ्या परिषदेला मंडपासाठी महाडात कुणी जागा देईना. ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने दिली. तळ्यावरून चाललेल्या दाव्यात न्यायालयाचा अखेरचा निकाल 17 मार्च 1937 ला लागला: तळ्याचं पाणी सर्वांचं.

आता पुन्हा आखाताकडे. 1990 साली कुवेतवर इराकी फौजा आल्या, तेव्हा एक लाखाहून अधिक भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी परत आणलं. 2020 च्या मे महिन्यात करोनामुळे पुन्हा तशीच विमानं निघाली. दोन्ही वेळा वर्षानुवर्षं तिथे राबलेला माणूस एका बॅगेत मावला.

साठीला कायमचा परतलेला एक ओळखीचा गृहस्थ मध्यंतरी भेटला. घर त्याच्याच पैशाने बांधलेलं. वीज गेली, तेव्हा मीटरची पेटी कुठे आहे हे त्याला बायकोला विचारावं लागलं. ती उठली नाही. "जिन्याखाली," एवढंच म्हणाली, आणि तांदूळ निवडत राहिली.