वीरगळांवरील सूर्यचंद्र आणि पशुचिन्हे

सातारा व सांगली जिल्ह्यांतील अनेक जुन्या देवालयांच्या आवारांत वीरगळ आढळतात. वाई तालुक्यातील किकली येथील भैरवनाथाच्या देवळापाशी त्यांचा मोठा समूह आहे. सज्जनगडाच्या पायथ्याशी परळी येथेही ते पाहावयास मिळतात. कर्नाटकातील पुष्कळ वीरगळांवर लेख असतो, आपल्याकडील बहुसंख्य शिळा मात्र मूक आहेत. वीराचे नाव नाही, शक नाही, राजाचा उल्लेख नाही. तेव्हा चिन्हे हाच त्यांचा लेख होय. ती चुकीची वाचली गेली तर त्या मृताविषयी आपल्या हाती काहीच उरत नाही.

वीरगळ खालून वर वाचावयाचा असतो. तळाच्या चौकटीत युद्ध व पडलेला वीर, तीवर त्यास स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, त्याहून वर शिवलिंगाचे पूजन आणि माथ्यावर कलश व सूर्यचंद्र, असा सामान्य क्रम आहे. तळाशी गाईंचा कळप कोरलेला असेल, तर गोधनाच्या रक्षणार्थ मरण आले असे समजावे. अश्व असेल तर घोडेस्वारांचा संबंध उघड आहे. परंतु गाय दिसली की गोरक्षण, असा सरसकट निष्कर्ष काढू नये. लिंगाशेजारी, सूर्यचंद्रांच्या खाली, वासराला पाजणारी गाय कोरलेली असते ती बहुधा दानशिळांवर, आणि तेथे तिचा संबंध धर्मदानाशी आहे. एकच पशू, परंतु त्याचे स्थान बदलले की अर्थ बदलतो.

क्वचित पशू स्वतःच वीर ठरतो. कर्नाटकातील आतकूर येथील इ. स. ९४९-५० च्या शिळेवर रानडुकराशी झुंजून मेलेल्या काळी नावाच्या कुत्र्याचे शिल्प असून लेखात त्याची हकीकत दिली आहे. राष्ट्रकूट नृपती तिसरा कृष्ण याच्या कारकिर्दीतील हा लेख नसता, तर ते शिल्प आपण केवळ मृगयेचे दृश्य मानले असते.

आता सूर्यचंद्र. काहीजण यात मृत्यूची घटिका शोधतात. ते निराधार वाटते. पूर्ण बिंब आणि वर टोके केलेली कोर ही जोडी शिळेगणिक तशीच येते. दानपत्रांतील ‘आचंद्रार्क’ या शब्दाचेच ते चित्ररूप होय: चंद्रसूर्य असेपर्यंत ही कीर्ती टिको.

मध्य अमेरिकेतील माया लोकांनी इ. स. ६०० ते ९०० च्या सुमारास रंगविलेली पात्रे मृतांबरोबर पुरली जात. त्यांवरही आकाशचिन्हांचे पट्टे आहेत, जग्वार रात्रीच्या सूर्याशी जोडला जातो, आणि चंद्रदेवतेजवळ चक्क ससा असतो. आपल्या ‘शशांक’ शब्दाची आठवण होणे साहजिकच आहे. परंतु त्यावरून दोन्ही लोकांचा संपर्क कल्पिणे म्हणजे उतावळेपणा. चंद्रावरचा डाग दोघांनीही पाहिला होता, एवढे पुरे.

सेट्टर व सोन्थायमर यांनी १९८२ मध्ये स्मारकशिळांवरील ग्रंथ संपादित केला, त्यास आता चार दशके लोटली. आपल्या भागातील शिळांवर शेंदूर व तैलरंगाचे थर चढत आहेत. त्यांखाली आधी बुजतात ती बारीक, उथळ कोरलेली चिन्हे, म्हणजे माथ्यावरची कोर आणि तळाचा कळप. रंग देण्यापूर्वी प्रत्येक शिळेचे छायाचित्र व ठसा घेऊन, ती मूळ कोठे उभी होती याची गावात विचारणा करून नोंद ठेवणे, हे काम विद्यार्थ्यांना सहज करता येण्याजोगे आहे.