जुनी फियाट ठेवायची? आधी तळ बघा, मग कागद

नार्वेकरांना जीर्णोद्धार हा शब्द नवा नाही. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये इथल्या सप्तकोटेश्वराचा केला, ते सगळ्यांना ठाऊक. पण माडाखाली झाकून ठेवलेल्या वडिलांच्या फियाटचा करायचा म्हटला, की घरात दोन तट पडतात. डिचोली, पेडणे, दोडामार्ग, सगळीकडे तेच.

लोक आधी इंजिनाची चिंता करतात. खरं तर ते सगळ्यात सोपं. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन साधं आहे. बोअरिंग कोल्हापूरच्या उद्यमनगरात होतं, सुटे भाग कुर्ल्यात शोधता येतात. पैसा खातो तो पत्रा. खाडीची खारी हवा आणि चार महिने पाऊस. मॅट उचला, तळाला स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. दरवाजाखालच्या पट्टीवर लोहचुंबक फिरवा; चिकटला नाही, तर तिथे पत्रा नाही, लांबी भरून रंग मारलाय. असली गाडी फुकट मिळाली तरी महाग. दिवाडीच्या फेरीतून ने-आण असेल, तर खालून गोड्या पाण्याने धुवायला विसरू नका.

आता कागद. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात, हा समज चुकीचा आहे. तशी वयाची अट दिल्ली परिसरातली. आपल्याकडे तपासणीत पास झाली, तर नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढते. मात्र २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला नूतनीकरणाचे १०,००० रुपये पडतात, राज्याचा कर असेल तो वेगळा. सावंतवाडीहून एमएच-०७ ची गाडी आणून इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली, तर एनओसी आणून गोव्याचा नंबर घ्यावाच लागतो. मूळ मालक वारला असेल, तर वारसाच्या नावावर करणं आधी. रंगकाम त्यानंतर.

पन्नास वर्षं उलटलेल्या, मूळ रूपातल्या गाडीला २०२१ च्या नियमाने ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण मग ती रॅली-प्रदर्शनापुरतीच. रोज बाजारात नेता येत नाही. गावच्या माणसाला साधी नोंदणीच बरी.

आणखी एक. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते ओलावा ओढतं, जुने रबरी पाइप मऊ करतं. पाइप बदला, पावसाळ्यात टाकीत जुनं पेट्रोल साठवून ठेवू नका.

खातेवहीत घसारा धरला, तर ही गाडी केव्हाच शून्यावर आलेली. तरी चतुर्थीला सगळं घर तिच्यात कोंबून देवळाकडे निघतं, तेव्हा वाटेत चार जण थांबवून विचारतात, त्याची नोंद कुठल्या खात्यात करणार? वर बिघडली तर लॅपटॉप लागत नाही. कार्बोरेटर पोरगासुद्धा उघडून साफ करतो. स्टिअरिंगवरच्या गिअरची जोडणी जाणणारे मिस्त्री मात्र आता साठीपुढचे. काम काढायचं असेल, तर त्यांचे हात चालताहेत तोवर काढा.