घरी गरम पाण्याचा बॉयलर बसवताना : आधी पाणी तपासा, मग यंत्र घ्या

खानदेश म्हणजे नुसता उन्हाळा, असे बाहेरचे लोक समजतात. पण हिवाळ्यात धुळ्याचा पारा दहा अंशांच्या खाली उतरतो आणि फजरच्या वुजूला टाकीचे पाणी हाताला झोंबते, हे येथे राहणाऱ्यालाच ठाऊक. पूर्वी घरोघर तांब्याचा बंब असे. लाकूडफाटा महागला, घरे मजली झाली आणि बंब माळ्यावर गेला. आता आपले व्यापारी व कारागीर बांधव घर बांधताना गरम पाण्याची कायमची सोय करू पाहतात. त्यात मेहनतीचे हजारो रुपये जातात. पुढे तक्रार होते ती बहुधा यंत्राची. चूक मात्र आखणीत असते.

आम्हीही ती चूक केली. दिवाळीच्या सवलतीत तांब्याच्या नळ्यांचे सपाट पेटीचे सोलर घेतले आणि त्यात बोअरचे पाणी सोडले. तिसऱ्या हिवाळ्यात नळ्या क्षाराने बुजल्या. विक्रेत्याने हमीपत्रातील ओळ दाखवली : क्षार साचल्यास हमी नाही. कापड घेताना आम्ही आधी ताणा-बाणा पाहतो, दर नंतर विचारतो. येथे उलटे केले.

पाणी कोणते?

जळगावला वाघूर धरणाचे, धुळ्याला तापी योजनेचे व नकाणे तलावाचे पाणी येते. नळाला खाडा पडला की टाकीत बोअरचे पाणी जाते. चहाच्या भांड्यात पांढरा थर बसत असेल तर पाणी जड समजावे. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या किंवा अन्य प्रयोगशाळेत तपासून घेतल्यास उत्तम. लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा पिण्यास चांगला मानतात. पर्याय नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. पाणी जड असेल तर काचेच्या नळ्यांचे सोलर बरे. त्यातील क्षार काढणे सोपे जाते. पाणी हलके असेल तर सपाट पेटी अधिक टिकाऊ.

गरज किती?

तीन-चार माणसांना 100 लिटर, सात-आठ जणांच्या कुटुंबाला 200 लिटर, असा साधा हिशेब आहे. 200 लिटर पाणी 20 अंशांवरून 45 अंशांवर न्यायला विजेचे सुमारे सहा युनिट लागतात. सोलर रोज तेवढे वाचवते. भाड्याचे घर किंवा सावलीतले छप्पर असेल तर 15 लिटरचा गिझर पुरे.

जागा कशी?

200 लिटरची टाकी भरल्यावर पाण्याचेच वजन 200 किलो होते. धाब्याच्या किंवा पत्र्याच्या घरावर ती ठेवू नये. स्लॅबवरही मिस्तरीला विचारून तुळईजवळ ठेवावी. तोंड दक्षिणेला असावे आणि शेजारच्या इमारतीची सावली हिवाळ्यातही पडू नये, कारण तेव्हा सूर्य खाली असतो. थंड पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीपेक्षा उंच हवा. हवेची उभी नळी कधी बंद करू नये. गरम पाण्याला साधा पीव्हीसी पाइप वापरू नये. सीपीव्हीसी घ्यावा आणि त्यावर वेष्टण चढवावे, नाहीतर फजरपर्यंत नळीतले पाणी थंड होते व ते ओतून देण्यात इस्राफ होतो.

आपल्याकडची एक खास गोष्ट : नळाला खाडा पडून सोलर कोरडे राहिले असेल तर भर दुपारी त्यात पाणी सोडू नये. तापलेल्या काचा तडकतात. सकाळी लवकर भरावे. उन्हाळ्यात गावी जाताना नळ्यांवर गोणपाट टाकावे.

जिवाची काळजी

गॅस गिझर बंद न्हाणीघरात कधीही लावू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अंघोळीला गेलेला माणूस आतच बेशुद्ध पडतो. तो बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. विजेच्या गिझरला आणि सोलरच्या कॉइलला अर्थिंग व गळती होताच वीज तोडणारे स्विच हवेच. आयएसआय छाप पाहूनच माल घ्यावा.

पैशांचा व्यवहार

2024 साली आलेल्या पीएम सूर्यघर योजनेचे अनुदान विजेच्या पॅनेलसाठी आहे, पाणी तापवण्याच्या सोलरसाठी नाही. अनुदानाच्या नावाने कोणी आगाऊ रक्कम मागितली तर सावध राहावे. व्याजाच्या हप्त्यात पडण्यापेक्षा एक हिवाळा थांबून रोखीने घेतलेले बरे. स्टँड, पाइप, वेष्टण व मजुरी धरून लेखी दर घ्यावा आणि पक्के बिल मागावे. थोडी रक्कम राखून ठेवण्याचे आधीच ठरवावे. ढग नसलेल्या दिवसानंतर पहाटे नळाला गरम पाणी आले की ती त्याच दिवशी चुकती करावी. आपला हक्क मागताना समोरच्याची मजुरी अडकू नये.

दुकानात जाण्याआधी कागदावर चार गोष्टी लिहा : पाणी, माणसे, छप्पर, रक्कम. मग विक्रेत्याला बोलू द्या.