भारतात निघण्याआधी नळाला टोपी घाला

डिसेंबरात भारतात निघालात ना? बॅगांचं वजन करून झालं असेल, तर आता घराबाहेरचा नळ बघा. 2022च्या नाताळात आपल्या अल्फारेटा-अटलांटाकडे पारा 10 फॅरनहाइटच्या खाली गेला आणि घराघरांत पाइप फुटले. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं. बागेची नळी नळाला तशीच जोडलेली असली, की आत अडकलेलं पाणी पाइप फोडतं. म्हणून नळी काढा आणि नळावर फोमची टोपी बसवा. हार्डवेअरच्या दुकानात काही डॉलरांत मिळते. मग घराचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून सगळ्यात खालचा नळ उघडा, पाइप रिकामे होतील. हीटिंग मात्र 55वर तरी चालू ठेवा. बिल वाचवायच्या नादात ते पूर्ण बंद करणारे आपल्यातच फार! शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवत असाल, तर व्हॉल्व्ह कुठे आहे तेही दाखवून ठेवा.