‘पद्मराग’ कादंबरी : एक इतिहाससाधन

कादंबरी कल्पित, म्हणून ती इतिहासाचें साधन नव्हे, असें मानण्याची चाल आहे. बंगालच्या रुकैया सखावत हुसेन (१८८०-१९३२) यांच्या ‘पद्मराग’ (१९२४) या बंगाली कादंबरीस हा नियम लावणें आम्हांस युक्त वाटत नाहीं. पतिनिधनानंतर बाईंनीं १९०९ त भागलपूर येथें पांच विद्यार्थिनी घेऊन मुसलमान मुलींची शाळा काढली. १९११ त तीच कलकत्त्यास आठ विद्यार्थिनींनिशीं पुन्हां मांडली. कादंबरींतील ‘तारिणीभवनां’त शाळा, विधवाश्रम, रुग्णालय व उद्योगशाळा असून हिंदु, मुसलमान, ब्राह्म व ख्रिस्ती स्त्रिया एकत्र नांदतात. काय घडलें तें दप्तरांवरून कळतें. काय घडावें अशी संस्थापिकेची इच्छा होती, तें येथें उमगतें. सबब संग्राहकांनीं असे ग्रंथहि दप्तरांशेजारींच जतन करावे.