राष्ट्रांना कोण पकडणार?

शाळेंत इतिहास शिकवीत असतां एक प्रश्न मला दरवर्षीं विचारला जाई : "गुरुजी, चोराला पोलीस पकडतो, पण राष्ट्रानेंच कायदा मोडला, तर त्याला कोण पकडणार?" त्याचें उत्तर मला आमच्या वसईच्या परिसरांतच सांपडलें.

१७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं वसईचा किल्ला घेतला. वेढ्यांत मराठ्यांचीं हजारों माणसें पडलीं होतीं. तरीही ठरलेल्या अटींप्रमाणें पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रांसह सन्मानानें बाहेर जाऊं दिलें. मराठ्यांवर सक्ती करणारें न्यायालय तेव्हां कोठें होतें? दिलेला शब्द हाच कायदा होता.

आतां दुसरें चित्र पाहा. आजच्या पालघर जिल्ह्याच्या सीमेला लागूनच दादरा-नगरहवेली आहे. १९५४ सालीं स्वातंत्र्यसैनिकांनीं तेथील पोर्तुगीज सत्ता उठविली. १४ डिसेंबर १९५५ रोजीं पोर्तुगालनें संयुक्त राष्ट्रसंघांत प्रवेश मिळविला आणि आठच दिवसांनीं हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयांत भारताविरुद्ध दावा दाखल केला. १२ एप्रिल १९६० रोजीं निकाल लागला : खासगी माणसें, मुलकी अधिकारी व सामान्य माल यांना भारतीय प्रदेशांतून तेथें जाण्याचा हक्क होता, सैन्य व दारूगोळा यांना नव्हता, आणि भारतानें आपलें कर्तव्य मोडलेलें नाहीं.

न्यायालयाचें दार ठोठावणाऱ्या या राष्ट्राला संघाच्या सनदेचें ७३ वें कलम मात्र नको होतें. परतंत्र प्रदेशांची माहिती संघाला देण्याचें बंधन त्यांत आहे. पोर्तुगालचें म्हणणें असें कीं, गोवा ही वसाहत नव्हे, सागरापलीकडील प्रांत आहे! १५ डिसेंबर १९६० च्या ठरावानें आमसभेनें ही सबब फेटाळली. तरीही हट्ट सुटला नाहीं.

पुढें डिसेंबर १९६१ मध्यें भारतानें सैन्य पाठवून गोवा मुक्त केला. त्यावर सुरक्षा समितींत आक्षेप निघाले. भारताविरुद्धचा ठराव सोव्हिएत रशियाच्या नकाराधिकारामुळें पडला. हेंही सांगितलेंच पाहिजे. आपल्यापुरता तराजू झुकविला, तर तो न्याय राहत नाहीं. १९७४ च्या क्रांतीनंतर पोर्तुगालनेंच करार करून गोव्यावरील भारताचें स्वामित्व मान्य केलें.

तेव्हां मुलांनो, राष्ट्राला पकडणारा पोलीस नाहीं, हें खरें. म्हणूनच दुबळ्यानें कायद्याचें नांव घेण्यापेक्षां बलवानानें शब्द पाळण्याला अधिक मोल आहे. वसईच्या पडक्या तटाजवळून जातांना एवढें आठवावें.